राज्य कोणावर

१

रविवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि जेवण झालं की खेळत बसायचं, हा सासुरवाडीचा शिरस्ता त्याच्या लग्नाच्या आधीपासूनचा होता. जावयाची त्याला हरकत नव्हती. पत्त्यांत तो मेव्हण्याला रडकुंडीला आणायचा. नाव-गाव-प्राणी-वस्तू खेळताना सासरे हमखास एखादा नसलेला प्राणी काढत आणि तो आपण स्वतः पाहिलाय म्हणून हमरीतुमरीवर येत. मूकाभिनयात सासूबाई इतक्या वाईट होत्या, की त्या नुसत्या उठून उभ्या राहिल्या तरी सगळे हसत सुटायचे. अशा दुपारी त्याला वाटायचं, काय नशीब काढलंय आपण.

मग मेव्हणा टेबल भिंतीला सरकवून म्हणायचा, “चला, हात कोणाचा!” आणि जावई घड्याळाकडे बघायचा.

खेळ सोपा होता. सासूबाई भिंतीलगतच्या खुर्चीत बसत. ज्याच्यावर राज्य त्याने त्यांच्यापुढे गुडघे टेकून तोंड त्यांच्या मांडीत खुपसायचं, सासूबाई त्याचे डोळे हातांनी गच्च झाकायच्या. त्याने एक हात पाठीवर घ्यायचा, तळवा उताणा. बाकीच्यांपैकी एकजण त्यावर चापट मारणार, आणि याने ओळखायचं हात कोणाचा. ओळखलं, तर मारणाऱ्यावर राज्य. चुकलं, तर तसंच पडून राहायचं आणि पुढची खायची. बरोबर की चूक हे सासूबाई सांगत.

चापट म्हणायचं आपलं. मेव्हणा बेकरीत कणीक आपटणारा गडी, त्याचा पंजा गरम आणि जाड, बसला की खांद्यापर्यंत झिणझिण्या. सासरे सुतार, उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच उरलेलं, पण तेवढ्यानेही ते फळी फोडतील. बायको शिवणकाम करायची, तिच्या बोटावर सुईचा घट्टा होता आणि दिसायला नाजूक असली तरी खेळात ती नवऱ्याला मुळीच सोडायची नाही. सात वर्षांची लेक, जिला सगळे ‘बटण’ म्हणायचे, ती अजून कच्चं लिंबू होती. तिने मारलं तर चालायचं, तिच्यावर राज्य यायचं नाही.

जावई इस्पितळात प्लास्टर घालायचा. दिवसभर लोकांचे हात चाचपण्यात जन्म चाललेला, त्यामुळे ओळखायला त्याला वेळ लागत नसे. तरीही तो खेळ त्याला नावडता होता. आपल्या माणसांना इतकं जोरात मारून इतकं खूश व्हायचं, हे त्याच्या पचनी पडत नसे. एकदा तसं बोलून दाखवलं तर मेव्हणा म्हणाला, “दाजी, रडीचा डाव नको हं.” विषय तिथेच संपला.

२

त्या रविवारी राज्य त्याच्यावर होतं. बाहेर लख्ख ऊन, खिडकीतून रस्त्यावरच्या सायकलींच्या घंटा ऐकू येत होत्या. सासूबाईंच्या हातांना साबणाचा वास होता. पहिली चापट आली आणि त्याला वाटलं, आपला हात कुठल्या तरी दारात सापडलाय.

ती गरम नव्हती. गार आणि सपाट होती, आणि लागल्यावर उठली नाही. क्षणभर तशीच टेकून राहिली, जणू तीच त्याचा हात चाचपत होती.

“ओळखा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचे हात त्याच्या डोळ्यांवर एकदम घट्ट झाले.

तो मेव्हण्याचं नाव घेणार तोच सासरे घाईघाईने म्हणाले, “मी, मी होतो. सापडलो. चला, माझ्यावर राज्य.”

“अहो बाबा, मी अजून ओळखलंच नाही.”

“ओळखलंच असतं तुम्ही. उठा.”

उठला तेव्हा सगळे त्याच्याकडे बघून हसत होते. ओठ हसत होते म्हणू या. सासरे त्याच्याआधी गुडघ्यांवर बसलेसुद्धा, आणि मेव्हण्याने त्यांना मारलेली चापट अगदीच नावापुरती होती.

घरी गेल्यावर त्याने दिव्याखाली हात धरला. तळव्यावर लाल वळ उठला होता. अंगठा धरून पाचही बोटं पुरती, एकही अर्धं नाही. आणि बोटांची टोकं त्याच्या तळव्यावर संपली नव्हती, मनगट ओलांडून पार कोपराच्या दिशेने गेली होती. सूज पसरते, त्याने स्वतःला समजावलं. मार बसला की लाली वर चढते, हे तो रोज रुग्णांना सांगत असे. मात्र सूज बोटांच्या पेरांसकट पसरत नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

“बाबांचा हात नव्हता तो,” तो बायकोला म्हणाला.

ती मशीनवर बाही जोडत होती. तिने मान वर केली नाही. “बाबाच होते. मी बघत होते ना.”

“अनामिका पुरी आहे, बघ तरी.”

“तू ना, पुढच्या वेळी पटकन कुणाचं तरी नाव घे,” ती म्हणाली. “माझं घे. कुणाचंही घे, पण आपल्यातलं घे. विचार करत बसू नकोस तिथे.”

३

दुसऱ्या दिवशी बोटं मिटेनात. एक्स-रे काढणाऱ्या बाईंनी फिल्म उजेडात धरली आणि शीळ घातली. तळव्यातल्या दोन हाडांना तडे गेले होते.

“कशात घातला होतास हात?”

“खेळताना लागलं.”

“कोणाशी खेळतोस बाबा तू? बैलाशी?”

तो हसला. मग सहकाऱ्याकडून उजव्या हाताला प्लास्टर घालून घेतलं आणि निमित्त बरं मिळालं म्हणून पुढच्या रविवारी सासुरवाडीला जायचं नाही असं जाहीर केलं. बायको दोन दिवस समजावत राहिली, मग रडली. एवढं रडण्यासारखं काय आहे, असं विचारल्यावर म्हणाली, “जाऊ या रे. उगाच नको.” तो हट्टाला पेटला होता. नाही म्हणजे नाही.

रविवारी दुपारी तो पलंगावर आडवा झाला होता, बायको खाली दोरे आणायला गेली होती. घर शांत होतं. आतल्या खोलीतून आवाज आला. चट्. मग लेकीचं काहीतरी पुटपुटणं. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा चट्.

टाळ्यांचा खेळ असेल, त्याला वाटलं. एकटीच खेळतेय बिचारी. मग आवाज आला तो असा, की तो अनवाणी धावला.

बटण जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. खुर्चीवर उशी ठेवून तिने त्यात तोंड खुपसलं होतं. एक हात पाठीवर, तळवा उताणा. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तळवा टरारून सुजला होता आणि करंगळी भलतीकडे वळली होती.

“बटण! काय करतेस?”

“आजी नाहीये ना, म्हणून उशी घेतली,” ती उशीतच बोलली. तिचा आवाज रडून रडून बसला होता. “बाबा, तुम्ही मारलंत का? मी दोनदा तुमचं नाव घेतलं, पण कुणी ‘बरोबर’च म्हणत नाही.”

त्याने तिला उचलून उराशी धरलं. उशीत अजून खड्डा होता. बघता बघता तो खड्डा खोल झाला, लेकीच्या डोक्याहून रुंद झाला, मग सावकाश भरून आला. असं फोमच्या उशीचं होतं, असं तो मोठ्याने म्हणाला. कुणाला सांगत होता कोण जाणे.

तिची करंगळी त्याने स्वतः बसवली, डाव्या हाताने. ती किंचाळली तेव्हा दारात दोऱ्यांची पिशवी घेऊन उभी असलेली बायको मटकन खाली बसली.

“सांगितलं होतं तुला,” ती म्हणाली. “न जाऊन चालत नाही.”

४

पुढच्या रविवारी तिघंही गेली, पण तो गेला तो भांडायलाच. ताटं तशीच टेबलावर होती, कुणी घास उचलला नव्हता.

“काय आहे ते?” त्याने विचारलं. “माझ्या पोरीचं बोट मोडलंय. मला आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे.”

सासऱ्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं, मेव्हण्याने जमिनीकडे. हा इतका धिप्पाड माणूस, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“काय आहे ते आम्हाला नाही माहीत, जावईबापू,” सासरे म्हणाले. “मी लहान होतो तेव्हाही असंच होतं. मधूनच एखादी चापट त्याची असते. अशी बसली की घरातल्या कुणाचं तरी नाव घ्यायचं आणि ज्याचं घेतलं त्याने ‘मीच मारली’ म्हणायचं. की झालं. डाव पुढे जातो. वर्षानुवर्षं जातोय.”

“आणि नाही घेतलं नाव?”

सासूबाई म्हणाल्या, “घेतो आपण. नेहमी घेतो.”

“बटणला आज बसवायला हवं,” मेव्हणा हळूच म्हणाला. “कच्चं लिंबू राहिली नाही ती, दाजी. तुमच्या घरी तिने राज्य घेतलंय. अर्धा डाव राहिलाय तिचा. इथे बसली तर पहिल्याच चापटीला मी ‘मी’ म्हणेन, आम्ही सगळे आहोत तिच्या मागे. एकटीला गाठलं तर...”

“माझी पोरगी त्या मांडीत डोकं ठेवणार नाही.”

“अरे, पण...” बायको म्हणाली.

“तिचा डाव मी घेतो,” तो म्हणाला. “माझ्यावर राज्य.”

त्याच्या डोक्यात त्याचा स्वतःचा बेत होता. या लोकांनी जन्मभर खोटी नावं घेतली आणि खोटं अंगावर ओढून घेतलं, म्हणून ही पीडा चालू राहिली, असं त्याला वाटत होतं. मोडलेलं हाड आहे तिथेच दाखवलं पाहिजे, लपवलं की वाकडं जुळतं. शहाणा माणूस होता, शहाण्यासारखा विचार केला. त्याचं चुकलं ते इथेच.

५

प्लास्टरचा हात पोटाशी धरून त्याने डावा पाठीवर घेतला. सासूबाईंच्या मांडीत तोंड खुपसलं. त्यांनी त्याचे डोळे झाकले.

पहिली मेव्हण्याची. गरम. त्याने मुद्दाम बायकोचं नाव घेतलं.

“चूक.”

दुसरी सासऱ्यांची, अर्ध्या बोटाची. त्याने मुद्दाम मेव्हण्याचं घेतलं. “दाजी, असं करू नका,” मेव्हणा कळवळून म्हणाला. “सरळ ओळखा आणि उठा हो.” तिसरी बायकोची, घट्ट्याची, तिच्यात जोर नव्हताच. ती मारताना हुंदका आला होता. तरी त्याने सासऱ्यांचं नाव घेतलं. हात पेटल्यासारखा झाला होता, पण त्याला उठायचं नव्हतं.

मग खोलीतली हालचाल थांबली. रस्त्यावरचा आवाज थांबला.

चापट बसली आणि त्याने स्वतःच्या हाताची हाडं मोडल्याचा आवाज ऐकला. कामावर त्याने तो आवाज कधी ऐकला नव्हता, लोक मोडून झाल्यावर येतात. तो ओरडला तो मांडीतच दबला. गार तळवा त्याच्या तळव्यावर टेकलेला होता आणि मोडलेल्या हाडांवरून एकेक बोट सरकत होतं.

“मी!” सासरे किंचाळले. “मी मारलं! माझं नाव घ्या!”

“मी मारलं, दाजी! मी!”

“माझं घे,” बायको रडत म्हणाली. “अरे, माझं घे ना!”

“नाही,” तो म्हणाला. “तुमच्यातल्या कुणाचाच नाही. घरातला हातच नाही हा. हा त्याचा आहे.”

गार तळवा उचलला गेला. मग सासूबाई, ज्या आजवर प्रत्येक डावात ठणकावून बोलल्या होत्या, इतक्या हळू बोलल्या की त्यालाच जेमतेम ऐकू आलं.

“बरोबर.”

त्यांचे हात त्याच्या डोळ्यांवरून गळून पडले. त्याला क्षणभर आनंद झाला, अगदी खराखुरा, डाव जिंकल्याचा. तो धडपडत बाजूला झाला आणि मेव्हण्याचं तोंड बघून त्याला कळलं, की ओळखलं तर ज्याने मारलं त्याच्यावर राज्य येतं.

६

सासूबाईंची मांडी खचली. कपड्याला आधी एक खोलगा पडला, मग त्यात काहीतरी टेकलं आणि खुर्चीचे मागचे पाय करकरले. सासूबाईंनी हात उचलून मांडीत टेकलेल्याचे डोळे झाकले. सवयीने झाकले असतील, दुसरं काय करणार बिचाऱ्या. त्यांचे दोन्ही हात मिळूनही पुरत नव्हते.

त्याच्या पाठीवर तळवा उताणा झाला. तेवढाच जावयाने नीट पाहिला. लांब, पांढरट, आणि तळव्यावर एकही रेष नाही. त्या तळव्यामागे काय होतं ते त्याला दिसलं होतं की नाही, हे त्याला कधीच सांगता आलं नसतं. त्याने मान फिरवली आणि त्याला ओकारी आली.

“मारा,” सासूबाई म्हणाल्या. “कुणीतरी मारा रे. फार जड आहे. मांडी मोडतेय माझी.”

कुणी हललं नाही. एक हाड कडकन वाजलं आणि सासूबाई गुरासारख्या ओरडल्या.

मेव्हणा पुढे झाला. जीव खाऊन त्याने पंजा हाणला आणि दंड धरून खाली कोसळला, त्याचा हात कोपरातून उलटा झाला होता. तळवा तसाच उताणा. विचार केल्यासारखा थोडा वेळ गेला. त्याने मेव्हण्याला ओळखलं नाही. किंवा ओळखायचं नव्हतं. सासऱ्यांनी कोपऱ्यातल्या पिशवीतून लाकडी हातोडा काढला आणि मारत सुटले, “सोड तिला! सोड!” म्हणत. दांडा तुटला, उडालेल्या ढलपीने त्यांचं कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त उतरलं तरी ते मारत होते. जावयाने प्लास्टरचा हात मुसळासारखा घातला. प्लास्टर फुटलं. तळव्यावर लालीसुद्धा आली नाही. तो वाट बघत होता, आणि कोणाची ते जावयाच्या लक्षात आलं तेव्हा बायको किंचाळली होती, कारण तिच्या कवेतून बटण सुटली होती.

“माझी पाळी,” बटण म्हणाली, आणि पट्टी बांधलेल्या हाताने तिने त्या तळव्यावर हलकी चापट मारली.

लांब बोटं तिच्या हाताभोवती मिटली. घाई न करता, एकेक.

“कच्चं लिंबू आहे ती!” सासरे ओरडले. “कच्चं लिंबू!”

बोटं आवळली. बटणला आधी गंमत वाटली, मग तिचा चेहरा पांढरा पडला. जावयाने दोन्ही मोडके हात त्या मुठीत खुपसले.

“मी मारलं,” तो म्हणाला. “ती नाही, मी. मी मारलं. आई, सांगा ना!”

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांची मांडी भलत्याच जागी वाकली होती आणि ओठातून रक्त येत होतं. मांडीतलं डोकं त्यांच्या उत्तरासाठी किंचित वर झालं.

“बरोबर,” सासूबाई म्हणाल्या. “जावईबापूच होते.”

मूठ उघडली.

७

“हिला घेऊन जा,” तो बायकोला म्हणाला. “मागे बघू नकोस. घरी जाऊ नकोस. कुठेही जा.”

“आणि तू?”

“माझ्यावर राज्य आहे.”

एवढं तिला पुरे होतं. याच घरात वाढली होती ती. तो त्या मांडीत आहे तोवर खेळ या खोलीत राहील. तो उठला, की खेळ जिना उतरून पोरीच्या मागे लागेल. तिने त्याच्या केसांतून एकदा हात फिरवला, लेकीला उचललं आणि दार उघडलं.

तो गुडघ्यांवर बसला. सासूबाईंची मांडी गार पडली होती. त्यांनी त्याचे डोळे झाकले तेव्हा त्यांचे अश्रू त्याच्या मानेवर पडत होते. “माफ करा हो,” त्या म्हणाल्या. त्याला भीती वाटत होती, लहान मुलासारखी, आणि त्याने डावा हात पाठीवर घेतला. बोटं सरळ होत नव्हती, जेवढी झाली तेवढी केली. दार लागलं. जिन्यावर बायकोची पावलं आणि त्यांच्यावरून बटणचा टाहो, “बाबा! बाबांना पण घे!” खाली खाली जात होता.

चापट आली. एवढीशी. हलकी, कोमट, करंगळी जराशी बाहेर वळलेली. ती करंगळी त्याने स्वतःच बसवली होती. जगातला कुठलाही हात चुकला असता, पण हा हात त्याला झोपेतही ओळखू आला असता.

जिन्यावर बटण अजून रडत होती.

“ओळखा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना दिसत होतं, आणि त्यांचा आवाज ऐकून त्याला दिसायची गरज उरली नाही.

बरोबर नाव त्याच्या जिभेवर आलं होतं. ज्याला ओळखलं त्याच्यावर राज्य. त्याने दात आवळले आणि ते गिळलं.

“बाबांचा,” त्याने सासऱ्यांचं नाव घेतलं. “बाबांचा हात.”

“चूक,” सासूबाई म्हणाल्या.

त्याने हात पुन्हा सरळ केला.